सूर्य न पाहिलेला पारा

कोथरूडच्या पाठीशी उभी असलेली वेताळ टेकडी, शेजारची म्हातोबाची टेकडी, शिवाजीनगरात पाताळेश्वराचं लेणं ज्यात कोरलं तो कातळ आणि जुन्या वाड्यांच्या जोत्यांत बसवलेले काळे चिरे, हे सगळं एकाच कुळातलं. हा दख्खनचा बेसाल्ट. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा येत राहिला, थरावर थर साचले आणि त्यातून हे पठार झालं. आज शिल्लक असलेलं त्याचं क्षेत्रफळ सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतं. पायऱ्यांसारख्या दिसणाऱ्या या डोंगरांना ‘ट्रॅप’ हे नाव पडलं ते पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून.

टेकडीवर रोज फिरायला जाणारे आम्ही लोक या दगडाला अगदी गृहीत धरतो. पण या दगडातून बाहेर पडून गेलेल्या एका वस्तूचा शोध गेली काही वर्षं जगभर चालू आहे. ती वस्तू म्हणजे पारा. लाव्हा हजार-अकराशे अंश सेल्सियसला वाहतो आणि पारा ३५७ अंशांनाच उकळतो. म्हणजे लाव्हा वर येताना त्यातला पारा दगडात थांबत नाही. वाफ होऊन इतर वायूंबरोबर निघून जातो. हवेत तो महिनोन्‌महिने राहू शकतो, त्यामुळे पृथ्वीला वळसा घालतो आणि पावसाबरोबर, धुळीबरोबर कुठेतरी खाली येऊन समुद्राच्या किंवा तळ्याच्या गाळात बसतो. वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीत हातोडी मारून दख्खनचा पारा सापडायचा नाही. तो शोधायला फ्रान्सच्या किनाऱ्यावर, मेघालयातल्या नदीकाठी, अमेरिकेतल्या शिंपल्यांच्या थरांत जावं लागतं.

आता प्रश्न असा की गाळात पारा सापडला, तर तो कुठून आला हे ओळखायचं कसं? पारा ज्वालामुखीतून येतो, जंगल जळलं की येतो, जमिनीची धूप झाली की येतो. आपल्या काळात तर तो कोळशाच्या धुरातून, सोन्याच्या छोट्या खाणींतून आणि कारखान्यांच्या नाल्यांतूनही येतो. रासायनिक पृथक्करण फक्त किती ते सांगतं, कुणाचा ते सांगत नाही. आणि प्रदूषणाच्या इतिहासात सगळं भांडण ‘कुणाचा’ यावरच होत आलं आहे.

या प्रश्नाचं उत्तर पाऱ्याच्या अंगातच दडलेलं आहे. पाऱ्याचा प्रत्येक अणू रासायनिकदृष्ट्या सारखाच, पण वजनाने सारखा नाही. निसर्गात त्याची सात स्थिर भावंडं आहेत: १९६, १९८, १९९, २००, २०१, २०२ आणि २०४ वजनाची. यांनाच समस्थानिकं म्हणतात. त्यातलं २०२ हे सर्वांत जास्त, जवळपास तीस टक्के. १९६ अगदी नगण्य, हजारात दीड. ही भावंडं वेगळी करता येतात हे कोपनहेगनमध्ये ब्रनस्टेड आणि हेवेशी यांनी १९२० मध्ये दाखवलं. त्यांनी कमी दाबाखाली पारा सावकाश उडू दिला आणि उडालेला भाग थंड पृष्ठभागावर पकडला. उडालेला पारा किंचित हलका निघाला, मागे राहिलेला किंचित जड. सुपात धान्य पाखडताना हलकं फोलपट पुढे जातं आणि जड दाणा मागे राहतो, तसंच.

हे पाखडणं निसर्गात सतत चालू असतं. पारा उडतो, विरघळतो, जिवाणूंच्या पोटात जातो, खनिजातून भाजून काढला जातो, आणि प्रत्येक वेळी हलक्या-जडाचं प्रमाण जरासं हलतं. हे हलणं हजारात एखाद्या भागाचं किंवा त्याहूनही कमी असतं. १९९० च्या दशकात नव्या प्रकारचे वस्तुमान-वर्णपटमापक आले, तेव्हा कुठे इतके बारीक फरक खात्रीने मोजता येऊ लागले. जगभरच्या प्रयोगशाळा आपलं मोजमाप अमेरिकेच्या मानक संस्थेने ठरवून दिलेल्या पाऱ्याच्या एकाच नमुन्याशी ताडून बघतात. सगळ्यांचा तराजू एक असेल तरच कोपनहेगनचा आकडा आणि पुण्याचा आकडा शेजारी मांडता येतो.

तरीही नुसत्या पाखडण्यावरून गुन्हेगार सापडणं कठीण. पाखडणाऱ्या क्रिया अनेक, आणि वेगवेगळ्या वाटांनी आलेला पारा शेवटी एकाच आकड्यावर येऊन थांबू शकतो. खरी किल्ली सापडली २००७ मध्ये. मिशिगन विद्यापीठातल्या ब्रिजेट बर्गक्विस्ट आणि जोएल ब्लम यांनी पाण्यातल्या पाऱ्यावर ऊन पाडून पाहिलं. उन्हामुळे होणाऱ्या रासायनिक क्रियांमध्ये १९९ आणि २०१ ही दोन विषम वजनाची भावंडं बाकीच्यांपेक्षा वेगळी वागली. त्यांचं प्रमाण वजनाच्या हिशेबात बसेना. या दोघांच्या अणुकेंद्राला चुंबकीय गुणधर्म असतो, सम वजनाच्या भावंडांच्या केंद्राला नसतो, आणि प्रकाशाने घडणाऱ्या क्रियेत हा फरक जाणवतो.

सात रंगांच्या धाग्यांनी विणलेलं लुगडं डोळ्यांसमोर आणा. धुण्यात सगळेच रंग उतरतील, कच्चा रंग जास्त, पक्का कमी, पण एका क्रमाने. तेच लुगडं उन्हात वाळत घातलं आणि फक्त दोनच रंग भलतेच विटले, तर कुणीही ओळखेल की हे नुसतं धुतलेलं नाही, यावर ऊन पडलंय. पाऱ्याचं अगदी असंच आहे. विषम भावंडांचा हिशेब चुकलेला दिसला की समजावं, या पाऱ्याने वाटेत कुठेतरी सूर्य पाहिला. पावसातून समुद्रात उतरणाऱ्या पाऱ्यात ही चूक साधारणपणे अधिकाच्या बाजूला असते. झाडांच्या पानांतून जमिनीत मुरलेल्या आणि धुपून वाहत आलेल्या पाऱ्यात उण्याच्या बाजूला. आणि पृथ्वीच्या पोटातून थेट वर आलेल्या पाऱ्यात जवळजवळ शून्य. त्याने अजून सूर्य पाहिलेलाच नसतो. संस्कृतातून आपल्याकडे आलेला ‘असूर्यंपश्या’ हा शब्द राजवाड्यातल्या स्त्रियांसाठी होता, पण या पाऱ्याला तो चपखल बसतो.

हे कळल्यावर संशोधक दख्खनच्या जुन्या खटल्याकडे वळले, हे ओघानेच आलं. डायनोसॉर आणि त्यांच्याबरोबरचे असंख्य जीव नाहीसे झाले, त्या सुमाराच्या थरात इटलीतल्या गुब्बियो इथे इरिडियम हा दुर्मीळ धातू भरपूर सापडल्याचं अल्वारेझ पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये जाहीर केलं. इरिडियम पृथ्वीच्या कवचात फार कमी आणि अशनींमध्ये जास्त, म्हणून आरोप आकाशातून आलेल्या लघुग्रहावर गेला. १९९१ मध्ये मेक्सिकोतलं चिक्शुलूबचं विवर या घटनेशी जोडलं गेलं. पण दुसरा आरोपी आपल्या पायाखालीच होता. दख्खनचे उद्रेक साधारण त्याच काळात चालू होते. वाद होता तो मुख्यतः वेळेचा. समुद्रात साचलेल्या ज्या थरांत जीवांचा अंत नोंदलेला आहे, त्याच थरांत दख्खनच्या उद्रेकांची काही खूण सापडते का? लाव्हा तर इथेच राहिला. दूरवर गेले ते वायू, आणि त्या वायूंपैकी गाळात टिकून राहणारा म्हणजे पारा.

फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर बिदार्त इथे एरिक फाँत आणि सहकाऱ्यांनी सीमारेषेच्या खालच्या थरांत पाऱ्याची वाढ दाखवली. ते काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी ब्राझीलचे सियाल आणि त्यांच्या गटाने मेघालयासह जगातल्या अनेक ठिकाणच्या थरांतली समस्थानिकं मोजून सांगितलं की ही लक्षणं ज्वालामुखीतून निघून हवेतून दूरचा प्रवास केलेल्या पाऱ्याशी जुळतात. विषम भावंडांची चूक थोडी अधिकाच्या बाजूला होती, म्हणजे प्रवासात उन्हाचा हलका स्पर्श झालेला. लघुग्रह पडण्याच्या आधीच दख्खनचा पारा जगभर पसरत होता, असा याचा अर्थ लावला गेला.

२०१९ मध्ये मिशिगनच्याच एका गटाने, ज्यात ब्लमही होते, जीवाश्म शिंपल्यांमधला पारा मोजला. नुसता आकडा कशाशी ताडायचा, म्हणून त्यांनी आजच्या काळातले गोड्या पाण्यातले शिंपलेही घेतले, व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ खोऱ्यातले. तिथल्या नदीत पूर्वी कारखान्यातून पारा गेला होता आणि तिथले मासे खाण्यावर आजही बंधनं आहेत. काही प्राचीन शिंपल्यांतलं पाऱ्याचं प्रमाण या प्रदूषित नदीतल्या शिंपल्यांच्या तोडीचं निघालं. दख्खनच्या उद्रेकांनी हजारो किलोमीटर दूर समुद्रात जे केलं, तेच एका कारखान्याने एका नदीत केलं होतं.

इथे घाईने निकाल देऊ नये. गाळात विषम भावंडांचा हिशेब शून्य आला तर तो ज्वालामुखीचा पुरावा असू शकतो; पण जमिनीवरून धुपून आलेला उण्याचा पारा आणि पावसातून आलेला अधिकाचा पारा सारख्या प्रमाणात मिसळले तरी बेरीज शून्यच होते. म्हणून नुसत्या समस्थानिकावर कुणी विसंबत नाही. थराचं वय, गाळातलं सेंद्रिय द्रव्य, सोबतची इतर मूलद्रव्यं, हे सगळं एकत्र वाचावं लागतं. जमीन-महसुलाच्या भांडणात एकट्या सातबाऱ्यावर निकाल होत नाही, फेरफार, नकाशा आणि शेजाऱ्याची साक्षही लागते, तसंच हे.

ज्या खटल्यांत आरोपी माणूस आहे, तिथे ही पद्धत अधिक ठामपणे बोलते. स्लोव्हेनियातल्या इड्रिया इथे १४९० पासून जवळपास पाच शतकं पाऱ्याची खाण चालली. स्पेनमधल्या आल्मादेनखालोखाल ती जगातली सर्वांत मोठी. तिथून सुटलेला पारा नद्यांच्या गाळाबरोबर वाहत एड्रियाटिक समुद्राच्या त्रिएस्तेच्या आखातात पोचला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खाणीपासून आखातापर्यंत जागोजागी गाळाचे नमुने घेऊन समस्थानिकांवरून ही वाट शोधली गेली, आणि समुद्रात जाताना खाणीची खूण कशी पुसट होत जाते तेही दिसलं. २०१२ मध्ये आल्मादेन आणि इड्रिया या दोन्ही खाणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. खाणींचा वारसा आखाताच्या तळाशीही आहे, पण त्याला फलक नाही.

जपानमधल्या मिनामाता शहरात चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून १९३२ ते १९६८ या काळात पारा खाडीत जात राहिला. १ मे १९५६ रोजी अज्ञात आजाराची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या गटाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी कंपनीच्याच दवाखान्यातल्या डॉ. होसोकावा यांनी कारखान्याचं सांडपाणी मांजराला खाऊ घालून तेच रोगलक्षण पाहिलं, पण ते बाहेर येऊ दिलं गेलं नाही. सरकारने कारण मान्य केलं ते १९६८ मध्ये. दरम्यान बारा वर्षं लोक तेच मासे खात राहिले. नंतर खाडीतला विषारी गाळ उपसून ५८ हेक्टरांची भर घातली गेली, ते काम १९९० मध्ये संपलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समस्थानिकांच्या अभ्यासाने दाखवलं की एवढं करूनही खाडीच्या तळात आणि माशांत त्या जुन्या पाऱ्याची खूण ओळखू येते.

आपल्या घराजवळचं असं पाणी कोणतं? कोथरूडवर पडलेला पाऊस मुठेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. पण सह्याद्रीच्या पलीकडे उतरणारी उल्हास नदी, राजमाचीच्या परिसरात याच काळ्या खडकात उगम पावते, कर्जत, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण करत वसईच्या खाडीला मिळते. तिच्या काठाने गेल्या शतकात रसायनं आणि कृत्रिम धाग्यांचे कारखाने उभे राहिले. रेयॉनला कॉस्टिक सोडा लागतो. कॉस्टिक सोडा करण्याची जुनी पद्धत अशी: मिठाच्या पाण्यातून वीज सोडायची, एका ध्रुवाशी क्लोरिन निघतो, दुसरा ध्रुव म्हणून वाहता पारा ठेवायचा, तो सोडियमला आपल्यात घेतो आणि पुढे पाण्यात सोडून देतो. पारा परत फिरवून वापरता येतो, पण थोडा थोडा सांडतो, वाफेत जातो, सांडपाण्यात जातो. १८९० च्या दशकात निघालेली ही पद्धत जवळपास शंभर वर्षं जगभर चालली.

ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर झिंगडे आणि देसाई यांचा निबंध १९८१ मध्ये आला. उल्हासच्या खाडीतल्या गाळातल्या पाऱ्यावर अनिरुद्ध राम आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सहकाऱ्यांचा निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. खाडीच्या आतल्या भागातला गाळ नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट दूषित असल्याचं आणि त्याचा संबंध कॉस्टिक-क्लोरिन कारखान्यांशी असल्याचं त्यातून पुढे आलं. अशा गाळातले जिवाणू पाऱ्याचं मिथाइल-पाऱ्यात रूपांतर करतात, तो लहान जीवांतून माशांत चढत जातो. खाडीतले बोईट आणि निवटे ज्यांच्या ताटात रोज असतात, त्यांच्यासाठी ‘किती’ इतकाच ‘कुणाचा’ हा प्रश्नही महत्त्वाचा, कारण साफसफाईचा खर्च कुणी द्यायचा ते त्यावर ठरतं.

अशा खाडीत समस्थानिकं काय सांगू शकतात आणि काय नाही, हे आता मांडता येतं. भारतात पाऱ्याच्या म्हणण्यासारख्या खाणी नाहीत. रसशास्त्राच्या काळापासून पारा आणि हिंगूळ बाहेरून येत आले, कारखान्यांचा धातूरूप पाराही तसाच आयात झाला. खनिजातून काढलेल्या या पाऱ्यात विषम भावंडांचा हिशेब शून्याजवळ असतो, कारण त्याने ऊन जवळजवळ पाहिलेलंच नसतं. पावसातून खाडीत पडणाऱ्या पाऱ्याची खूण याहून वेगळी, आणि कोळशाच्या राखेतला पाराही बहुधा वेगळा ओळखू येतो. म्हणजे ‘हा पारा सगळीकडूनच आला, हवेतून आला, आमच्याकडे बोट दाखवू नका’ हा बचाव तपासून बघता येतो. पण एकाच खाणीतून आलेला पारा दोन शेजारी कारखान्यांनी वापरला असेल, तर कोणता थेंब कोणाचा हे समस्थानिक सांगणार नाही. तिथे खरेदीच्या नोंदी, परवाने आणि कामगारांच्या आठवणीच उपयोगी पडतील. प्रयोगशाळा दप्तरखान्याला पर्याय ठरत नाही.

आणि दोन्हींसाठी एक अट आहे: गाळ जागेवर हवा. शांत साचलेल्या गाळाचा उभा गाभा काढला, तर शिसे-२१० या किरणोत्सारी भावंडावरून थरांची वयं काढता येतात. त्याचं अर्धायुष्य साधारण बावीस वर्षांचं, म्हणजे गेल्या शे-सव्वाशे वर्षांना अगदी सोयीचं. कोणत्या दशकात पारा वाढला, कधी उतरला, ते एका नळीत वाचता येतं. पण कल्याण, भिवंडी, ठाण्याच्या खाड्यांत वर्षानुवर्षं रेती उपसली गेली आहे. सक्शन पंपाने एकदा तळ ढवळला की १९६० चा थर आणि २००० चा थर एक होतात. पुरावा नष्ट होतो, शिवाय खाली गाडला गेलेला पारा पुन्हा पाण्यात येतो. जुनी कागदपत्रं रद्दीत गेली की आपण हळहळतो. खाडीच्या तळाचे कागद बार्जमध्ये भरून बांधकामावर जातात, तेव्हा त्यांची मोजदादही होत नाही.

पाऱ्याच्या वापरावर मर्यादा घालणारा मिनामाता करार १० ऑक्टोबर २०१३ रोजी कुमामोतोत स्वीकारला गेला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. पाऱ्याच्या ध्रुवावर कॉस्टिक सोडा करणं थांबवण्यासाठी करारात २०२५ ही मुदत होती. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या अंदाजानुसार २०१५ या एका वर्षात माणसांनी सुमारे २,२२० टन पारा हवेत सोडला. त्यात अडतीस टक्के वाटा सोन्याच्या लहानसहान खाणींचा होता.

या आकड्याकडे टेकडीच्या दगडावरून पाहिलं तर वेगळंच चित्र दिसतं. दख्खनला आपल्या पोटातला पारा बाहेर काढायला काही लाख वर्षं लागली. ते उद्रेक केव्हाच थांबले. आपण तेच काम खाणी, कोळसा आणि कारखाने यांच्या वाटेने काही शतकांत हाती घेतलं आणि अजून चालू ठेवलं आहे. दोन्हीकडे मूळ वस्तू एकच, जमिनीखाली अंधारात असलेला, सूर्य न पाहिलेला पारा. सहा कोटी वर्षांनंतर कुणी आपल्या काळाचा गाळ फोडून बघितला, तर विषम भावंडांच्या त्या शून्यावरून त्याला कदाचित वाटेल की इथे एखादा मोठा उद्रेक झाला होता. लाव्हा मात्र त्याला कुठेच सापडणार नाही. आज तोच गाळ आपल्याला तारीखवार वाचता येतो. उल्हासच्या खाडीत अजून न ढवळलेले कोपरे असतील तिथून दोन-चार गाभे काढून एखाद्या संस्थेच्या शीतकपाटात ठेवणं, हे काम फार खर्चाचं नाही. पुढच्या उपशाच्या आधी ते व्हायला हवं.